थंडीकाकूंचं मेपल

“दादा, त्याच्यावर क्रेट ठेवू नका हं. झोपायला चाललंय ते.”

दूध घेऊन येताना हे वाक्य कानावर पडलं आणि मी गल्लीतच थांबले. इंदिरानगरात आमच्या मागच्या गल्लीत एका रो-हाऊससमोर टेम्पो उभा होता. आत द्राक्षांची रिकामी क्रेट्स, आणि त्यांच्या मधोमध गोणपाटात गुंडाळलेली एक उथळ कुंडी. कुंडीत गुडघ्याएवढं झाड होतं आणि त्याच्यावर एकही पान नव्हतं. टेम्पोवाल्याने आधी त्या काटक्यांकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे.

“काकू, हे झोपलेलं नाय. हे गेलेलं हाय.”

“बाळूदादा, तुम्ही दर वर्षी हेच म्हणता.”

“मी म्हणतो, पण ते बी दर वर्षी ऐकत नाय,” असं म्हणून बाळूदादांनी हसत गाडी सुरू केली.

त्या बाई म्हणजे थंडीकाकू. हे नाव गल्लीने ठेवलेलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. झाड होतं बुटक्या जातीचं जपानी मेपल. त्याला हिवाळा लागतो. पानं गाळून, डोळे मिटून बरेच आठवडे गारठ्यात पडून राहिलं, तरच ते पुढच्या वर्षी नीट फुटतं. नाशिकच्या ज्या थंडीचं आपण स्वेटर घालून कौतुक करतो, ती त्याच्या दृष्टीने दुपारची डुलकी. म्हणून डिसेंबर आला की उरलीसुरली पानं काकू हाताने काढायच्या आणि झाड पिंपळगाव बसवंतला त्यांच्या मामेभावाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रवाना व्हायचं. तिथे बेदाण्यांच्या खोक्यांशेजारी, एका अंधाऱ्या कोपऱ्यात, त्याचा हिवाळा व्हायचा. द्राक्षांचा माल येऊन जागेची ओढाताण सुरू होण्याआधी बाळूदादा त्याला परत आणून सोडत. “पाहुणं आलं हो तुमचं,” अशी हाक त्यांनी खालूनच दिली की निम्मी गल्ली बाहेर यायची.

काकू गच्चीवर बुटकी झाडं वाढवून विकत. माझी त्यांच्याशी ओळख आईने करून दिली. मी घरून काम करते, दिवसभर खिडकीशी बसते, तर तिथे एखादं बोन्साय असावं अशी तिची कल्पना. “ही जरा लाजाळू आहे हो,” असं आईने माझ्यादेखत सांगितलं. काकूंनी सरळ मला विचारलं, “तुझ्या खिडकीत ऊन कुठून येतं? आणि जातं कधी?”

मी जन्मापासून त्याच घरात राहत होते आणि मला सांगता येईना. आई उत्तर द्यायला लागली, तर काकूंनी तिला हाताने थांबवलं. “झाड हिला हवंय ना? मग हिलाच बघू दे. जा, बघून ये. घाई नाही.”

आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. आई वाटेत म्हणाली, “विकायचं नसेल तर तसं सांगावं माणसाने.” मी मात्र त्या दिवसापासून खिडकीतलं ऊन बघायला लागले.

येणाऱ्या प्रत्येकाला काकू हाच प्रश्न विचारत. एकदा एक नवरा-बायको आले. मोबाइलमध्ये लालभडक मेपलचा फोटो, पानं झालरीसारखी चिरलेली. बाल्कनी पश्चिमेची. काकूंनी फोटो निरखून पाहिला. “सुंदर आहे. पण हा फोटो जपानचा आणि बाल्कनी तुमची. झालरवाल्या पानांच्या कडा सगळ्यात आधी जळतात.” तरी नवरा ऐकेना. तेव्हा त्या दोघांना त्यांनी भर दुपारी गच्चीवर नेलं आणि चपला काढायला लावल्या. तो माणूस क्षणभर उभा राहिला आणि नाचतच हिरव्या जाळीखाली पळाला.

“भाजलं?” काकूंनी विचारलं. “कुंडीला पळता येत नाही.”

बायकोला इतकं हसू आलं की तिला कठड्याला धरावं लागलं. शेवटी ती जमिनीलगत पसरणारं, सुईसारख्या पानांचं जुनिपर घेऊन गेली, आणि अजूनही सांगते की ते झाड तिचं आहे, नवऱ्याचं नाही.

झाड निवडताना काकू उंचीकडे बघतच नसत. त्या खाली वाकायच्या, बोटाने कुंडीतली वरची माती सारायच्या आणि खोड मातीत शिरतं तिथे बघायच्या. मुळं चहूबाजूंनी पसरली आहेत का, कलमाचा जोड फुगलेला तर नाही ना, दोन पानांमधलं अंतर कमी आहे का. “चेहरा नंतर. आधी पाय बघ,” असं त्या म्हणत. नर्सरीतल्या ‘ड्वार्फ’ या पाटीवर त्यांचा राग होता. “बुटकं म्हणजे वाढणारच नाही असं नव्हे. ते सावकाश वाढतं, एवढंच. लोकांना सावकाश म्हणजे थांबलेलं वाटतं.”

बुटक्या झाडांचं वेड कुठून लागलं, हे त्यांनी एकदा तारेने फांदी वळवता वळवता सांगितलं. त्यांचे यजमान तोफखान्यात होते. शेवटी देवळाली कॅम्पला आले, पण त्याआधी सगळी नोकरी बदल्यांत गेली, त्यातली बरीच डोंगराळ मुलखात. “सामान ट्रंकांत जायचं आणि झाड माझ्या मांडीवर. जे मांडीवर मावेल तेवढंच न्यायचं. ह्यांनी ते मेपल मला काडी असताना आणून दिलं होतं. म्हणाले, याला मोठं होऊ देऊ नकोस, नाहीतर मागे ठेवावं लागेल.” एवढं बोलून त्यांनी पक्कड मागितली. यजमानांविषयी त्या याहून जास्त कधी बोलल्या नाहीत.

त्यांच्याकडे मी हळूहळू रोज संध्याकाळी जायला लागले. पाणी घालायचं, पावसाळ्यात भरून ठेवलेल्या पिंपांवरची झाकणं बघायची, पिवळी पानं वेचायची. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळतं, मग मी त्याचं मराठी करते, तोवर माणसं पुढच्या विषयावर गेलेली असतात. किंवा माझं वाक्य तीच पूर्ण करून टाकतात, आणि बहुतेक वेळा ते माझं नसतं. काकूंनी तसं कधी केलं नाही. मी अडखळले की त्या हातातलं काम चालू ठेवायच्या. फांदीला तारेचा एक वेढा, दुसरा वेढा. वाक्य आलं तर ऐकायच्या. नाही आलं तरी त्यांचं काम झालेलं असायचं.

एके दिवशी एक बाई आपलं जुनिपर दाखवायला घेऊन आल्या. हिरवंगार होतं. काकूंनी नखाने फांदीची साल किंचित खरवडली. आत कोरडं तपकिरी.

“हे गेलंय,” त्या हळूच म्हणाल्या.

“अहो, हिरवं दिसतंय की!”

“दिसतं. ही सुईच्या पानांची झाडं मेल्यावरही कितीतरी दिवस हिरवी राहतात. मेपलचं बरं असतं. रुसलं की पान मुडपून लगेच सांगतं. यांचं आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.”

त्या बाई हिरमुसून गेल्यावर काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तू जुनिपर आहेस.”

मी पिवळी पानं वेचत राहिले. जुनिपर काय बोलणार?

काकूंचा एक नियम होता आणि त्यावरून नातेवाइकांत त्यांची बरीच थट्टा व्हायची. त्या झाड भेट देत नसत. लग्न असो, वास्तुशांत असो, त्या पाकीट देत किंवा साडी. भाची एकदा फणकारून म्हणाली, “मावशी, गच्चीवर एवढं जंगल आहे आणि मला स्टीलचा डबा?” काकू शांतपणे म्हणाल्या, “तू मागितलंस कुठे? न मागता दिलेलं झाड म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात बांधलेलं काम. मागणारा सांभाळतो.” भाचीने लगेच मागितलं. काकूंनी तिलाही विचारलं, ऊन कुठून येतं. भाची म्हणाली, जाऊ दे, डबाच दे.

मी तीन वर्षं त्यांच्याकडे जात होते आणि माझ्या खिडकीत एकही झाड नव्हतं. मी मागितलंच नव्हतं. त्यांनीही ऊन बघून झालं का असं पुन्हा विचारलं नाही.

मेपलची एक हकिकत सांगितल्याशिवाय काकू पुऱ्या होणार नाहीत. मधल्या एका हिवाळ्यात बाळूदादा घरच्या लग्नासाठी रजेवर होते. कोल्ड स्टोरेजवर त्यांच्या जागी एक नवीन मामा बदलीवर आले होते. त्यांना अंधारात, गारठ्यात पडलेलं ते ओकंबोकं झाड दिसलं आणि त्यांचा जीव कळवळला. त्यांनी ते बाहेर उन्हात आणलं, बादलीभर पाणी घातलं, रोज घालत राहिले. मग एका सकाळी काकूंना फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला. “बाई, तुमचं झाड जित्तं झालं! लय कोंब फुटले!”

काकूंनी डोळे मिटले. बाहेर जानेवारी होता, झाडाची झोप अर्ध्यावर मोडली होती, आणि ती कोवळी पानं दुपारच्या उन्हात टिकणार नव्हती. पण त्या फोनवर म्हणाल्या, “तुम्ही फार माया केलीत हो. आता तेवढं सावलीत ठेवा, आम्ही आलोच.”

आम्ही रिक्षा करून पिंपळगावला गेलो. नव्या पानांच्या कडा कागद जळावा तशा गुंडाळल्या होत्या. मामा शेजारी अभिमानाने उभे. काकूंनी त्यांच्या हातचा चहा घेतला, झाडाची चौकशी करावी तशी त्यांच्या नातवंडांची चौकशी केली, आणि कुंडी मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या. महामार्गाला लागल्यावर मी मोठ्या मुश्किलीने विचारलं, “त्यांना सांगितलं का नाही?”

“त्याला वाटतंय त्याने एक जीव वाचवला,” काकू म्हणाल्या. “ते कशाला मारायचं? पुढच्या वर्षी बाळू सांगेल त्याला.” ओझर येईपर्यंत त्यांचा एक हात खोडाभोवती होता. ती पानं सगळी गळली. मार्चमध्ये दुसरी आली, नेहमीपेक्षा लहान आणि थोडी. काकू म्हणाल्या, “चिडलंय. पण आहे.”

गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्यांनी जिना चढताना कुरकुर सुरू केली आणि मुलाने त्यांना चेन्नईला न्यायचं ठरवलं. जुनिपरं एकेक करून नव्या घरी गेली. मागणारे बरेच होते. राहिलं मेपल. चेन्नईच्या दमट उकाड्यात ते एक वर्षही काढणार नाही, हे काकूंना कुणी सांगायला नको होतं. त्या रोज एखाद-दोन वेळा तरी त्याच्यापाशी जाऊन बसत. मी पाणी घालताना मनात वाक्य जुळवायची, आणि पिंपाचं झाकण लावून घरी यायची. एवढं जुनं झाड आपण कसं मागायचं? यजमानांनी दिलेलं. त्यांना नाही म्हणायची पाळी आली तर? असलं काय काय.

निघायच्या आदल्या दिवशी गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टचे साहेब आले. माणूस चांगला होता, उत्साही होता.

“काकू, रिसेप्शनला ठेवतो बघा. वर मस्त फोकस टाकू. लोक फोटो काढतील.”

“तिथे ऊन?”

“एसी आहे ना काकू, फुल!”

“आणि डिसेंबरात ते झोपायला जातं, तेव्हा?”

“डिसेंबरात तर आमचा सीझन! तेव्हाच तर हवं.” ते हसले. “झोपू दे की तिथेच. आम्ही आवाज करणार नाही.”

काकूही हसल्या. पण हात त्यांचा खोडावरच होता. “मी नियम केलाय, मागेल त्याला द्यायचं,” त्या म्हणाल्या. “आणि मागणारे तुम्ही एकटेच आहात.”

साहेबांनी ड्रायव्हरला वर बोलावलं. तो कुंडीच्या कडेला धरून उचलू लागला, तेव्हा काकू म्हणाल्या, “थांबा. खालून धरायचं. त्याआधी ही एक तार सोडवून घेते, फांदीत रुतेल.”

आणि त्या तार सोडवायला लागल्या. एक वेढा. मग दुसरा. मी झारी घेऊन मागे उभी होते. तार जुनी होती, सैल होती, रुतणार नव्हती. ती बांधली तेव्हा मीच पक्कड धरली होती. काकूंनी मान वर केली नाही. त्यांचे हात नेहमीपेक्षाही सावकाश चालले होते. शेवटचा वेढा उरला तेव्हा मी झारी खाली ठेवली.

“काकू, माझ्या खिडकीत ऊन पूर्वेकडून येतं. आईचा स्वयंपाक आटपेपर्यंत असतं, मग समोरच्या बिल्डिंगची सावली पडते. उन्हाळ्यातही दुपारचं येत नाही, मी बघितलंय. डिसेंबरात मी स्वतः बाळूदादांच्या टेम्पोत बसून जाईन. मेपल मला हवंय. मला द्या.”