आनेकलचा अर्धा राहिलेला प्रयोग

"आधी बघू दे की."

शेताच्या बांधावर चपला काढून अक्का उभ्या राहायच्या आणि हे म्हणायच्या. आम्ही बाकीचे वही, पेन, भिंग घेऊन सरळ सऱ्यांमध्ये घुसायचो. किती झाडं, किती पानं, किती अळ्या, मोजलं की सुटलो. अक्का मात्र पाच मिनिटं नुसत्या उभ्या. हात मागे बांधलेले, मान किंचित तिरकी. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर काही माणसं लगेच तब्येत विचारत नाहीत, आधी खोलीभर नजर फिरवतात, तुम्ही पाहिलं असेल. तशा.

बेंगळुरूच्या एका कृषी महाविद्यालयात मी पीक संरक्षण घेऊन एम.एस्सी. करत होते. साताऱ्याहून आलेली, तेवीस वर्षांची. वर्गात आम्ही नऊ जण, आणि दहाव्या अक्का. वय चव्वेचाळीस. निपाणीकडच्या. कर्नाटकाच्या शेती खात्यात वीस वर्षं नोकरी करून, दोन वर्षांची अभ्यासरजा घेऊन त्या शिकायला आल्या होत्या.

पहिल्या दिवशी कार्यालयातल्या माणसाने त्यांना दारातच अडवलं. पालकांनी बाहेर बसावं म्हणाला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "पालक बी मीच आणि पोरगी बी मीच. कुठं बसू सांगा." तो इतका गोंधळला की त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली.

त्यांची मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. त्यांच्याकडे बायकाही "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. त्यात "बरं"ऐवजी "सरी", "जरा"ऐवजी "स्वल्प" असे कानडी शब्द. दुकानदाराशी, कंडक्टरशी त्या कानडी बोलायच्या आणि तसंच वळून माझ्याशी मराठी. मधली शिवण कुठे दिसायची नाही. मला कानडी येत नव्हती. त्यामुळे शेतकऱ्यांशी बोलायचं असलं की मी अक्कांच्या मागे. त्याही कंटाळायच्या नाहीत. फक्त एक अट असायची. शेतकरी बोलत असताना मी वहीत लिहायचं नाही. "तोंडाकडं बघ त्याच्या. लिहायला रात्र हाय की."

जयनगरला एका मराठी कुटुंबाकडे त्या खोली घेऊन राहत. सकाळी दोन बस बदलून वर्गात पहिल्या हजर. इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले असायचे. पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा त्या पहिल्या आल्या. आम्ही पेढे मागितले, तर त्यांनी सगळ्यांना इडली खाऊ घातली आणि म्हणाल्या, "घरी सांगू नका कुणी, नवऱ्याला वाटायचं बाई आता परत येत न्हाई."

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी प्रयोग करायचा होता. अक्कांनी बेंगळुरूबाहेर आनेकलजवळ एका शेतकऱ्याचं टोमॅटोचं रान निवडलं. टोमॅटोची पानं आणि फळं पोखरणारी एक बारीक अळी असते. तिची अंडी खाऊन वाढणारा एक परोपजीवी किडा आहे, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा. कागदाच्या कार्डावर तो मिळतो, ती कार्डं पानांच्या मागे टाचायची. औषध न फवारता या किड्यांच्या जोरावर पीक राखता येतं का, हे अक्कांना पाहायचं होतं. रानाचे तीन भाग केले. एका भागात कार्डं, एकात नेहमीची फवारणी, आणि एक भाग तुलनेसाठी तसाच ठेवलेला.

हाच विषय का, असं मी एकदा आनेकलच्या बसमध्ये विचारलं.  तेव्हा त्यांनी सांगितलं.

नोकरीत असताना एका शेतकऱ्याला त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहून दिली होती. औषध बरोबर, मात्रा बरोबर. फवारणीला त्याने एक मजूर बाई लावली. पंप गळका होता. दिवसभर तिची पाठ भिजत राहिली. संध्याकाळी चक्कर आली, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, तिसऱ्या दिवशी ती गेली.

"चौकशी झाली. माझी चूक न्हाई म्हणून कागद मिळाला," अक्का म्हणाल्या. "खरंच हाय ते. पण पंप कोण मारणार, हे मी त्याला इचारलंच न्हवतं. वीस वर्षांत कुणालाच इचारलं न्हवतं."

मग त्यांनीच विषय बदलला.

रान कसणारे मुनियप्पा आणि त्यांची बायको रत्नम्मा. जमीन खंडाने कसायला घेतलेली. चाळीस दिवस अक्का सांगतील तिथेच आणि सांगतील तेवढंच फवारायचं, असं ठरलं होतं. मुनियप्पांनी मान डोलावली ती अक्कांवरच्या विश्वासाने. अक्कांनी रत्नम्माबरोबर बसून नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, खाल्ला होता, तेवढं त्यांना पुरेसं होतं.

पहिले तीन आठवडे छान गेले. मग आभाळ भरून आलं, ऊन दिसेना, आणि अळी एकदम वाढली. तसाच ठेवलेला भाग आधी गेला. पानं जळल्यासारखी दिसू लागली. तिथून अळी कार्डांच्या भागात शिरली. अक्का रोज यायला लागल्या. रोज मोजणी करायच्या आणि रोज गप्प होत जायच्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही दोघी पोहोचलो तेव्हा मुनियप्पा बांधावरच बसले होते. आम्हाला बघून उठले आणि एवढंच म्हणाले, "अक्का, स्वल्प नोडी." जरा बघा. हातात चार हिरवी फळं होती. चारही फळांच्या देठापाशी टाचणीएवढी छिद्रं.

अक्कांनी फळं घेतली. रत्नम्मा मागे उभी होती. ती काही मागत नव्हती, रडतही नव्हती. डोक्यावरचा पदर तेवढा पुन्हा पुन्हा नीट करत होती.

"अजून बारा दिवस आहेत अक्का," मी म्हणाले. मराठी त्या नवराबायकोला कळत नव्हती. "आता फवारलं तर सगळं गेलं. कार्डांतले किडे मरतील. मोजणीला काही अर्थ राहणार नाही."

"व्हय."

"ठरलंय ना त्यांच्याशी तसं?"

"ठरलंय की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण रान त्यांचं हाय गं. प्रयोग तेवढा माझा."

त्यांनी आमच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. सर रागावले नाहीत. इंग्रजीत, सावकाश, त्यांनी सांगितलं की हंगाम वाया जाईल, रजा संपत आली आहे, पदवी अडकेल, नीट विचार करा. अक्का "येस सर, येस सर" म्हणत ऐकत होत्या. फोन ठेवला आणि मुनियप्पांना कानडीत म्हणाल्या, सगळं रान फवारून घ्या, आजच.

मग त्यांनी विचारलं, पंप कोण मारणार?

मुनियप्पांनी बायकोकडे बोट केलं. त्यांचा खांदा दुखावला होता, महिनाभर तीच मारत होती.

अक्कांनी औषध स्वतः निवडलं, त्यातल्या त्यात सौम्य. माप स्वतः केलं. पंप उलटा करून, पाणी भरून, कुठे थेंब गळतो का ते बोट फिरवून पाहिलं. पिशवीतले हातमोजे काढले, तोंडाला बांधायचं फडकं काढलं, मुनियप्पांचा लांब बाह्यांचा शर्ट मागून घेतला. मला वाटलं हे सगळं रत्नम्माला घालणार. त्यांनी शर्ट स्वतःच्या साडीवर चढवला.

"अक्का, तुम्ही?"

"धर जरा मागनं. वजन हाय."

औषधाने भरलेला पंप मी मागून त्यांच्या पाठीवर चढवला. त्या वाऱ्याकडे पाठ करून पहिल्या सरीत उतरल्या. डाव्या हाताने दांडा मारत, उजव्या हाताने नळी फिरवत, एक एक पाऊल पुढे. सरी संपली तेव्हा घामाने डबडबल्या होत्या. रत्नम्मा धावत गेली आणि पंप ओढून घ्यायला लागली. अक्कांनी आणखी दोन सऱ्या मारल्या, मग शर्ट आणि फडकं तिला चढवलं, हातमोजे काढून तिच्या हातात एक एक बोट नीट बसवून घातले. ती लाजून हसायला लागली. अक्का हसल्या नाहीत.

बसमध्ये परतताना म्हणाल्या, "वीस वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या. पंप आज पहिल्यांदा उचलला. काय जड असतो गं."

मुनियप्पांचं अर्धंअधिक पीक हाती लागलं. अक्कांच्या वहीत अठ्ठावीस दिवसांचे आकडे राहिले, त्यांचा कुणाला उपयोग नव्हता.

सरांनी पुढच्या हंगामात प्रयोग पुन्हा करा म्हणून सुचवलं. खात्याने रजा वाढवायला नकार दिला. मग मीच म्हणाले, तुम्ही नोकरीवर जा, मी आनेकलला जाऊन तुमची मोजणी करते, आकडे पाठवते, प्रबंध तुम्ही लिहा. कोणाला कळलंही नसतं. अक्का पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या.

"तू बघितलेलं मी बघितलं म्हणून लिहू? मग त्या चिठ्ठ्यांत आणि ह्यात काय फरक ऱ्हायला?"

यशवंतपूरच्या स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले. एक ट्रंक, दोन पिशव्या. पुस्तकं त्यांनी मला देऊन टाकली होती. गाडी हलताना खिडकीतून ओरडल्या, "जेवत जा येळेवर." बस, एवढंच.

मी पुढे तिथेच पीएच.डी. केली आणि तोच प्रयोग घेतला, यावेळी महाविद्यालयाच्या रानात, जिथे पीक गेलं तरी कुणाचं घर बसत नव्हतं. अळी तशीच वाढली. मी न फवारता थांबून राहिले. थांबणं मला परवडत होतं. हळूहळू कार्डांच्या भागातली अळी ओसरली.

मी अक्कांना फोन केला. सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं माझं.

"म्हणजे आपली कार्डं खरी हुती," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद होता, निखळ. "आणखी किती दिवस लागलं असतं गं?"

"दहा-बारा."



"तेवढं दिवस मुनियप्पांच्याजवळ न्हवतं," त्या म्हणाल्या. मग सावकाश, "न्हवतंच की."

ते त्या मला सांगत होत्या की विचारत होत्या, मला आजही ठरवता येत नाही. मी "नव्हतेच" म्हणाले. आणखी जोरात म्हणायला हवं होतं.

त्यानंतर वर्षाच्या आत अक्का गेल्या. पोटाचं दुखणं निघालं, फार दिवस मिळाले नाहीत. मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता.

प्रबंध छापून झाल्यावर साताऱ्याला जाताना मी निपाणीला उतरले. त्यांचे पती निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी प्रबंध हातात घेतला, चाळला. अक्कांचं नाव असलेलं पान मी उघडून दाखवलं. आनेकलचा पहिला प्रयोग अक्कांनी कुठवर नेला आणि का थांबवला, ते तिथे चार ओळींत लिहिलं होतं. इंग्रजी त्यांना नीट लागेना, तेव्हा अक्कांनी प्रयोग का थांबवला ते यात आहे, असं मी सांगितलं.

"का थांबवला म्हणजे?" त्यांनी विचारलं. "ती नापास झाली हुती न्हवं?"

"नापास? कोण म्हणालं?" मी विचारलं.

"आम्हाला तसंच सांगितली. वय झालं, डोक्यात शिरंना, नापास होऊन आलो म्हणाली. आम्ही चेष्टा बी केली तिची. पै-पाहुण्यांत कुणी इचारलं की हीच हसून सांगायची."

"त्या वर्गात पहिल्या होत्या काका," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. मुनियप्पा, फळांवरची छिद्रं, सरांचा फोन, मुनियप्पांचा शर्ट साडीवर चढवून रत्नम्माऐवजी स्वतःच्या पाठीवर घेतलेला पंप.

 माझं बोलून झालं तेव्हा ते प्रबंधावर तळहात ठेवून बसले होते. नंतर आत वळून त्यांनी मुलीला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली.

"इथं बस," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोरी, परत पहिल्यापासनं सांग. काही सोडू नकोस."

मी पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.