कापडाचं भवन

कल्याणप्पानं धाराशिव शहरात किती इमारती उभ्या केल्या हे विचारू नका, कारण त्यातली एकही आज तुम्हाला दिसायची न्हाय. मंडपवाल्याचा धंदाच तसा. संध्याकाळी राजवाडा उभा, दुसऱ्या दिवशी जेवणवेळेपर्यंत मोकळं मैदान आणि मेखांची भोकं. गवंडी म्हातारपणी नातवाला बोट करून दाखवतो, ही भिंत माझी. कल्याणप्पानं काय दाखवायचं, भोकं?

मुरुम गावाहून पोटासाठी आलेला हा लिंगायताचा माणूस गोड बोलायचा, दोर मात्र कडक ओढायचा. त्याच्या गाठीची ख्याती होती. मंडपाला कायम सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटली. निरगाठ मारणाऱ्या गड्याला तो सरळ घरी पाठवायचा. पण मनात एक गोष्ट आयुष्यभर कुरतडत होती. आपल्या हातचं एक तरी काही सकाळी उठून बघावं तर जागच्या जागी असावं. बायको इरम्मा म्हणायची, "तुमच्या मंडपात एवढ्यांचे संसार उभे ऱ्हायले, आणि काय पायजे?" तो हसायचा. हसून का समाधान होतंय होय?

मग शहरात सांस्कृतिक भवन बांधायचं ठरलं. काम मिळालं तुळजापूरच्या हर्षालीला. नवी आर्किटेक्ट, बोलायला मऊ, पण एकदा म्हटलं की म्हटलं. एसी नको, वारा खेळला पाहिजे. वर मातीचं जाड माळवद, अंगणाखाली पावसाच्या पाण्याचा हौद. कमिटीतल्या हिंमतरावांनी नकाशा आधी उलटा धरला, मग सुलटा धरला आणि म्हणाले, "काचेचं करा, ताई. एसी लावा. सोलापूरवाल्यांचे डोळे दिपले पायजेत!" बाकीच्यांनी माना हलवल्या. कागदावर रेघा दिसतात, वारा कुठं दिसतो?

हर्षाली तडक कल्याणप्पाच्या गोदामात आली. "काका, हे अख्खं भवन मला कापडात उभं करून द्याल? जेवढ्यास तेवढं. लोकांना आत फिरून बघू दे."

त्या दिवसापासून कल्याणप्पाचा पाय जमिनीला लागेना. भाकरी पुढ्यात अन् नजर भलतीकडंच. इरम्मा म्हणाली, "लग्न ठरलं तवा तरी एवढे हरखला होता का?" झालरी, रंगीत पडदे त्यानं सगळं बाजूला सारलं आणि नुसत्या पांढऱ्या कनाती काढल्या.

मैदानावर भवन उभं राहिलं. सकाळचं ऊन कापडातून गाळून आत आलं, दुधासारखं. भिंती हळूच फुगायच्या, हळूच आत यायच्या. कल्याणप्पा एकटाच आत शिरला. इथं बसकं व्यासपीठ, इथं वाचनालय, इथं लांबलचक ओसरी. कापडाला हात लावला की त्याला दगडाचा गारवा लागायचा, शपथेवर सांगतो. बाहेर आला तेव्हा कळलं, कापडाच्या दारात त्यानं चपला काढून ठेवल्या होत्या.

लोक बघायला आले आणि बघता बघता राहायलाच लागले. आराधी बाया येऊन बसल्या, देवीची गाणी सुरू. पोलीस भरतीची पोरं पुस्तकं घेऊन आली. कुणी कुणाला विचारलं नाही. सगळं कसं झोपेत चालल्यासारखं, संथ, आपोआप.

अशाच एका दुपारी हर्षाली नकाशा हातात घेऊन फिरता फिरता मागच्या अंगाला थबकली. "काका, इथं कागदावर भिंत आहे."

कापडात तिथं भिंत नव्हती. दोन कनातींमध्ये माणूस जाईल एवढी फट होती. मंडपाच्या मागं अशी फट ठेवायची कल्याणप्पाच्या हाताची सवय होती. कोंडलं वारं बाहेर पडायला आणि भांडी घासणाऱ्या बायांना यायला-जायला. हातानं केलं, डोक्याला पत्ता न्हाय. एवढ्या हौसेनं केलेलं काम आपणच नासवलं!

"म्या चुकलो, ताई. आत्ता शिवून टाकतो."

हर्षाली बघत होती, सगळी माणसं त्या फटीजवळच बसली होती. इरम्मासुद्धा, खांबाला टेकून. तिथून वारं येत होतं. हर्षालीनं खाली बैठक मारली, केस उडू दिले. तेवढ्यात हिंमतराव कुरकुरत आले, "कुठंय तुमचा वारा?" म्हणत तिथंच टेकले, आणि थोड्या वेळात घोरायला लागले. एसीचा विषय तिथंच मिटला.

पण कापड भाड्यानं द्यायचं. येडशीला लग्न होतं, मंडप तिकडं न्यायचा होता. कल्याणप्पानं पहिला दोर ओढला. सुटेना. दुसरा ओढला, तोही सुटेना. इरम्मानं जवळ येऊन बघितलं. "अय्यो! निरगाठी? तुम्ही मारल्या?"

कल्याणप्पाची मान खाली गेली. "हाताला वाटलं आसंल, हे ऱ्हायचंय."

एरवी या बाईनं महिनाभर टर उडवली असती. त्या दिवशी ती मुकाट खाली बसली आणि नखानं, दातानं एकेक गाठ सोडवत राहिली. मैदान मोकळं झालं. घरचं माणूस गेल्यावर वाटावं तेवढं वाईट कल्याणप्पाला वाटलं.

पुढं खरं भवन बांधलं गेलं. तो तिकडं फिरकला नाही. म्हणायचा, त्यात माझं काय हाय? दगड पाथरवटाचा, भिंत गवंड्याची. उद्घाटनाला इरम्माच्या भजनी मंडळाची पाळी होती, म्हणून तिनं त्याला ओढतच नेलं.

भवन देखणं झालं होतं. बसकं व्यासपीठ, ओसरी, वर माळवद. सगळं त्याच्या ओळखीचं आणि सगळं दुसऱ्याच्या हातचं. फिरत फिरत तो बाहेरून मागच्या अंगाला गेला आणि जागीच उभा राहिला. दगडी भिंत तिथं थांबली होती. मधे माणूस जाईल एवढी मोकळी जागा. ना चौकट, ना कवाड.

हर्षाली मागून म्हणाली, "काका, तुमचं होतं तसंच ठेवलंय."

कल्याणप्पानं दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या दगडांना लावले. बाहेरून ऊन, आतून गार. उभ्या जन्मात बांधलेलं सगळं त्यानं स्वतःच्या हातानं उतरवलं होतं. आणि राहिलं काय, तर जे बांधायचं राहून गेलं ते! हसावं का रडावं, त्याला कळेना. पाठीमागून वारं येत होतं, सदरा फुगत होता.

"अवो, सरका की!" मागं इरम्मा टाळ घेऊन उभी, तिच्यामागं सगळं मंडळ. "वाटंत उभं ऱ्हाऊन वारं अडवताय. आत लोकं उकडून निघाली."

कल्याणप्पा सरकला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि शेवटची बाई आत जाईपर्यंत रडत राहिला.