व्याह्यांच्या सतरा हरकती

‘मी सर्व अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’ हे वाक्य अख्ख्या पृथ्वीवर खरं बोलू शकेल असा एकच माणूस आहे आणि तो माझा व्याही आहे. बाकी आपण सगळे खोटारडे. मी तर अट्टल. मोबाइलच्या पडद्यावर तो चौकोन दिसला की माझा अंगठा मला न विचारता त्यावर जाऊन बसतो. व्याह्यांचं तसं नाही. ते आधी चष्मा पुसतात, मग खुर्ची ओढतात, मग पाणी मागवतात आणि पहिल्या कलमापासून सुरुवात करतात. आमच्या मुलीला, म्हणजे त्यांच्या सुनेला, नवा मोबाइल घ्यायला ते स्वतः गेले होते. काउंटरशी उभं राहूनच त्यांनी अटी वाचायला घेतल्या. दुकानदार जेवायला घरी गेला, जेवून घटकाभर लवंडला, परत आला, तरी हे आपले तिथेच. शेवटी मान वर करून म्हणाले, “यात अठरावं कलम आणि तेविसावं कलम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. आम्ही कोणतं मान्य करायचं?” दुकानदाराने आजवर शेकड्यांनी मोबाइल विकले असतील, पण आत तेवीस कलमं असतात हे त्याला त्या दिवशी कळलं. तो हात जोडून म्हणाला, “आबा, कोणतंही करा, पण आज करा.”

आबा हे त्यांना सगळं धुळं म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. वयाने ते माझ्यापेक्षा चारच महिन्यांनी मोठे आहेत. पारोळा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, पिठाच्या गिरणीतली, अशी कुठलीही जळालेली मोटार तिथे येते आणि जुनी तार काढून, नवी भरून परत जाते. आमच्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीला हे गृहस्थ जळगावला आले तेव्हा मी मानपान, कार्यालय, वऱ्हाडाची माणसं अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून बसलो होतो. त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, “मुलगी कॉम्प्युटरवर कोणती सिस्टिम वापरते?” मला वाटलं, हुंडा मागायची ही काहीतरी नवी रीत निघालेली दिसते. बायकोने मला कोपराने ढोसलं. पण मुलगी सहज म्हणाली, “पेंग्विनवाली. कॉलेजात तीच होती.” व्याह्यांनी मांडीवर अशी थाप मारली की बशीतले पोहे उडाले. बाकीचे प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. ती पेंग्विनवाली सिस्टिम म्हणजे देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेली. कोणीही आत डोकावून बघावी, बिघडली तर दुरुस्त करावी, पुढच्याला द्यावी. मी एकदा तिला ‘ती फुकटवाली’ म्हणालो, तर व्याही दोन दिवस माझ्याशी हो-नाही एवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “फुकट तर कंपन्याही देतात, भाऊ. आधी बोलावून बसवतात आणि मग बाहेरून कडी लावतात. हिला कडीच नाही, म्हणून ती चांगली.”

हे खूळ त्यांना कुठल्या पुस्तकातून किंवा पुण्याच्या पोरांकडून लागलेलं नाही. ते त्यांच्या धंद्यातून आलं. जळालेली मोटार उघडली की कारागीर आधी जुन्या तारेचे टर्न, म्हणजे वेढे, मोजतो, तारेची जाडी बघतो आणि ते सगळं वहीत टिपून ठेवतो, म्हणजे पुन्हा तशीच मोटार आली तर मोजायची कटकट नको. ही वही म्हणजे कारागिराची जन्माची कमाई. धुळ्यात असे उस्ताद आहेत की त्यांनी सख्ख्या भावाला वहीचं पान दाखवलेलं नाही. व्याह्यांची वही मात्र पहिल्या दिवसापासून काउंटरवर उघडी, शेजारी पेनसुद्धा. साक्रीचे, नरडाण्याचे कारागीर येतात, टेकून उभे राहतात, हवं ते उतरवून घेतात. माझ्याशी बोलताना व्याही जपून शुद्ध मराठी बोलतात, पण या विषयावर तापले की थेट अहिराणीत शिरतात. “दपाडीसन काय भेटस?” लपवून काय मिळतं, हा त्यांचा सवाल. पुढे आमच्या मुलीने ती अख्खी वही टाइप करून इंटरनेटवर ठेवली, कोणीही वाचावी आणि चूक असेल तर सांगावी अशी. वर्षभराने तामिळनाडूतल्या कोणा अनोळखी कारागिराने कळवलं की साडेसात हॉर्सपॉवरच्या अमुक मोटारीत तुमचे टर्न चार कमी लिहिलेत. दुसरा कोणी असता तर ते पान गुपचूप बदलून मोकळा झाला असता. व्याह्यांनी गल्लीभर जिलेबी वाटली. “बावीस वर्षं मी चुकत होतो,” असं ते ज्याला त्याला ऊर भरून सांगत सुटले. मग आठवतील तेवढ्या गिऱ्हाइकांना फोन लावून, तुमची मोटार गरम होत असेल तर माझ्याकडे घेऊन या, चूक माझी आहे, असं सांगायला लागले. चौदा जणांना सांगून झाल्यावर जावयांनी त्यांच्या हातून फोन काढून घेतला.

मोठमोठ्या कंपन्यांबद्दल मात्र ते वाईट बोलत नाहीत, आणि माझी इथेच पंचाईत होते, कारण मला शिव्या द्यायला आवडतात. मी म्हणतो, हे लुटारू आहेत. ते म्हणतात, नाही, उत्तम कारागीर आहेत, फक्त विकलेली वस्तू आपली राहिली नाही हे त्यांच्या मनाला पटत नाही. सरकारच्या बाबतीतही तसंच. सरकारने कंपन्यांना वेसण घालावी हे त्यांना मान्य आहे, पण नियम एका पानात मावला पाहिजे अशी त्यांची अट आहे. “चाळीस पानांचा नियम झाला की मोठी कंपनी वकील लावते. मी कोणाला लावू? म्हणजे वेसण तिच्यासाठी आणली आणि नाक माझं टोचलं.” एवढंच बोलून ते थांबले असते तर गोष्ट वेगळी होती. पण सरकार दर दोन-चार महिन्यांनी कसलं तरी प्रारूप काढतं आणि खाली लिहितं, ‘हरकती व सूचना असल्यास तीस दिवसांच्या आत पाठवाव्यात.’ हे वाक्य मनावर घ्यायचं नसतं. मी अधिकाराने सांगतो, कारण एकतीस वर्षं मी एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलो आणि अशा आलेल्या हरकतींवर शिक्का मारून, गठ्ठा बांधून, कपाटावर चढवण्याचं काम माझ्या हातून निष्ठेने झालेलं आहे. व्याही मनावर घेतात. दिवस मोजून, पाठपोट न लिहिता, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. एकदा शाळांसाठी कॉम्प्युटर घ्यायच्या अटींवर त्यांनी लिहिलं की पोरांना उघडून बघता येईल अशीच सिस्टिम द्यावी, आणि काय आश्चर्य, सुनावणीचं बोलावणं आलं. हे इस्त्रीचा सदरा घालून वेळेच्या आधी हजर. अख्ख्या जिल्ह्यातून दुसरं कोणीही आलं नव्हतं. साहेबांनी घाईघाईने खुर्च्या पुसायला लावल्या, यांचं म्हणणं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “आबा, तुम्ही एकटेच आलात.” व्याही म्हणाले, “मग माझं म्हणणं एकमताने मंजूर झालं असं लिहा.” तसं कोणी लिहिलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांची पक्की समजूत झाली की कागद कितीही वर जाऊ दे, तिथे बसलेला माणूस तो वाचतो.

या समजुतीनेच घात केला. गेल्या काही वर्षांत शिवारात नव्या तऱ्हेचे पंप आले. मोटारीला शेजारी एक पेटी, पेटीत कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरला कंपनीचं कुलूप. मोटार ठणठणीत असली तरी पेटी रुसली की पाणी बंद, आणि पेटीचा पासवर्ड कंपनीच्या माणसालाच माहीत. व्याह्यांकडे मोटारी यायच्या कमी झाल्या. त्या दुकानावर माझ्या मुलीचा संसार चालतो. जावई नऊ वर्षं वडिलांच्या पाठीला पाठ लावून तिथेच काम करतात. बाहेरच्या बाकावर गिऱ्हाइकांच्या जागी मांजर झोपायला लागलं तशी माझी झोप उडाली. आणि अशात एका पंपाच्या कंपनीने कळवलं की धुळ्याचं अधिकृत सेवाकेंद्र तुम्हालाच द्यावं असा आमचा विचार आहे. सोबत करारनामा पाठवत आहोत, सही करून परत पाठवावा. मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी जळगावात देवापुढे नारळ फोडला. आठवड्याने पुन्हा तिचा फोन. आबांनी तीन दिवस करारनामा वाचला, दोन दिवस लिहिलं आणि सही न करता कंपनीला सतरा हरकती पाठवल्या. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह.

मी पहिली बस पकडून धुळं गाठलं. व्याह्याशी कसं बोलायचं याचे आपल्याकडे काही संकेत आहेत, ते सगळे मी बसमध्येच सोडून दिले होते. दुकानात शिरल्या शिरल्या म्हणालो, “आबा, अहो हे काय केलंत? हे सरकारचं प्रारूप नाही. हा करार आहे. यावर माणूस एकतर सही करतो, नाहीतर करत नाही.”

त्यांनी माझ्याकडे खरोखर न कळून पाहिलं. “मग कागद आधी माझ्याकडे पाठवला कशाला? वाचायलाच ना?”

त्यांनी मला बसवलं आणि अकरावं कलम समोर धरलं. सेवाकेंद्रवाल्याने या पेटीचं काम दुसऱ्या कोणालाही शिकवायचं नाही, आणि करार सुटल्यावर पाच वर्षं असल्या यंत्राला हात लावायचा नाही. “म्हणजे उद्या कंपनीने मला काढलं तर पाच वर्षं मी हात बांधून बसायचं. आणि साक्रीचा पोऱ्या येऊन म्हणाला, आबा, दाखवा, तर मी म्हणायचं, नाही?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मी अडून बसलेलो नाही, भाऊ. शेवटी लिहिलंय बघा. एवढं अकरावं बदललं, तर बाकीच्या सोळा हरकती मी सोडतो.”

इतक्यात मुलगी चहा घेऊन आली. मी मोठ्या आशेने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “बाबा, टाइप मीच केलंय. आणि चौदावी हरकत माझी आहे.” पंपांची जी माहिती दुकान मोजून गोळा करणार ती परस्पर कंपनीच्या मालकीची का व्हावी, अशी ती हरकत होती. मी चहा पिऊन निघालो. परतीच्या बसमध्ये मला त्या दोघांचा भयंकर राग आला होता. राग उतरेपर्यंत जळगाव आलं आणि मग लक्षात आलं की करार म्हणून आयुष्यात एवढा कागद मी पहिल्यांदाच वाचला, आणि त्या अकराव्या कलमावर मीही सही केली नसती. हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

पोचपावती आली, तिच्यावर कंपनीचा गोल शिक्का होता. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी ते सेवाकेंद्र शिरपूरकडच्या एकाला मिळालं. त्याने म्हणे कंपनीचा माणूस समोर उभा असतानाच सही केली. जावयांनी नरडाण्याला कारखान्यात देखभालीचं काम धरलं. सकाळी डबा घेऊन जातात, संध्याकाळी येतात, दुसऱ्याच्या मोटारी दुसऱ्याच्या हुकमाने उघडतात. मुलगी फोनवर फक्त माझी खुशाली विचारते, आणि तेच मला लागतं. दुकानात आता व्याही एकटे असतात. शिरपूरवाल्याला जुन्या मोटारींचं फारसं कळत नाही, तो मधूनमधून येतो आणि वहीतलं उतरवून नेतो. मी असतो तर त्याला पायरी चढू दिली नसती. व्याही त्याला बसायला देतात, अक्षर लागत नसेल तिथे वाचून दाखवतात. असला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही आणि तो आपल्याच मुलीच्या सासरी असावा हे भाग्य म्हणायचं की काय म्हणायचं, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. तरी भाग्यच म्हणतो.

मागच्या महिन्यात मी धुळ्याला गेलो होतो. दुपारी दुकानात आम्ही दोघेच होतो. पोस्टमन गल्लीत शिरला तसे व्याही हातातली तार ठेवून उठले, उंबऱ्यापर्यंत गेले. तो हात हलवून पुढे गेला. हे परत येऊन बसले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, “आबा, दीड वर्ष होत आलं. केंद्रही दुसऱ्याला देऊन झालं. आता काय उत्तर येणार?”

ते रागावले नाहीत. माझीच समजूत घालावी तसे म्हणाले, “माले एकलाले तीन दिन लागनात, भाऊ. तेस्नी कंपनी मोठी शे. बठ्ठास्ना कागद वाचना पडतस. टाइम लागस.”

मी म्हणालो, “हो, सगळ्यांचे कागद वाचायचे म्हणजे वेळ लागतो.” आणि त्यांनी तारेचं दुसरं टोक पुढे केलं, ते धरून बसलो.