जिजीच्या बरगडीखालचे डाग

जिजीला डागानं वाचवलं नव्हतं.

गेल्या वर्षी ती गेली त्या दिवशी मी इथेच पोस्टमध्ये लिहिलं होतं की वाचवलं. ते चूक होतं. आज तिचं वर्षश्राद्ध आहे. आजच दुरुस्त करते.

जिजी म्हणजे माझ्या वडिलांची आजी. तिच्या डाव्या बरगडीखाली तापलेल्या विळ्याचे डाग होते. चारचौघींत पदर सारून दाखवायची.

"निजामाच्या राज्यातले हायत. पाणथरी वाढल्ती माझी. बघा, अजून हाय की मी!"

सगळ्या हसायच्या. मी तेवढंच लिहिलं.

पण शेवटी शेवटी तिला अंघोळ मीच घालायचे. एकदा डागांवरून हात फिरला, तर तिनं तो धरून ठेवला.

"मन्याला बी डागलं होतं. माझ्यासंगं. त्याच विळ्यानं."

मन्या तिचा धाकटा भाऊ. दोघांनाही हिवताप, दोघांचीही पोटं फुगलेली. मन्याच्या जखमा चिघळल्या. तो गेला.

"मग तू कशी वाचलीस?"

"मामानं पाठीवर टाकून धारूरच्या दवाखान्यात नेलं. लई कडू औषध. ओकायचे, की पुन्हा पाजायचा."

"मग डागानं वाचले असं कावून सांगतीस?"

"विळा माझ्या बापानं तापवलता ना, बाई. त्यो जित्ता होता तवर दुसरं काय बोलायचं? मग तेच तोंडात बसलं."

आता माझ्या त्या पोस्टचा स्क्रीनशॉट भावकीच्या ग्रुपवर फिरतोय.

कारण चुलतभावाच्या छकुलीचं पोट डावीकडे टणक लागतंय. तीन वर्षांची आहे ती. येत्या बुधवारी अमावास्या. त्या दिवशी तिला डागायचं ठरलंय.

मी काकांना, म्हणजे छकुलीच्या आजोबांना, फोन केला.

"अगं, तूच लिहिलंस की! घरात कॉलेज शिकलेली तू एकटी. आमी तुझंच तर ऐकतोय."

"काका, चुकलं माझं ते."

"आन् बैलाला डागतोच की आपण. मरतो का बैल?"

पाणथरी म्हणजे प्लीहा. मटणाच्या दुकानात तिल्ली म्हणतात तीच. बैलाला असते, शेळीला असते. घोडा पळायला लागला की त्याची तिल्ली आवळते आणि साठवलेलं रक्त अंगात सोडते. माणसाची तेवढी जोरकस नसते. ती जुनं झालेलं रक्त गाळते, जंतूंशी लढते. हिवतापात ह्याच कामानं ती सुजते.

म्हणजे सूज हा रोग नाही, रोगाची खूण आहे. वरची कातडी जाळून आतलं काहीच बरं होत नाही.

आणि सुजलेली तिल्ली नाजूक असते. तडफडणाऱ्या पोरीला चौघांनी दाबून धरलं, तर तिल्ली आतल्या आत फुटू शकते.

हे वाक्य मी तीनदा पुसलं. घाबरवायला लिहिलंय असं वाटेल म्हणून. पण ते खरं आहे.

छकुलीला हिवतापच आहे असं मी म्हणत नाही. दुसरंही काही असेल. रक्त तपासल्याशिवाय मला कळणार नाही, काकांनाही नाही.

पुढचं वहिनीला, छकुलीच्या आईला, विचारूनच लिहितेय. ती फोनवर म्हणाली, "ताई, तुमी या. माझं एकटीचं कुणी ऐकत न्हाई."

"दादा काय म्हणतो?"

"ते गप हायत. भाकर बी खाल्ली न्हाई काल."

काका, तुम्ही हे वाचणार. रागवा माझ्यावर. छकुलीवर तुमचा किती जीव आहे, मला माहीत आहे. जिजीच्या बापाचाही मन्यावर असाच असेल. विळा त्यानंच तापवला होता.

जिजी, तुझं खरं सांगायला मला वर्ष लागलं. तुला आणि तुझ्या मन्याला नमस्कार.

वहिनी, छकुलीचे दोन फ्रॉक आणि आधार कार्ड पिशवीत भरून ठेव.

पहिल्या एसटीनं चौसाळ्याला उतरते. तिथून आपण तिघी बीडच्या दवाखान्यात जाऊ. दादा आला तर चौघं.

अमावास्येची वाट बघायची नाही. सोमवारी.