सिनेमातली पाठ

"वळ वं बाई, जराशी वळ."

पडद्यावर नायिका नायकाला कायमचा निरोप देत असायची, आख्खं थेटर नाक ओढत असायचं, आणि माझ्या बाजूच्या खुर्चीतून हळू आवाजात ही विनवणी यायची. नायिकेचं दुःख मावशींना कळत नव्हतं असं नाही. पण समोरून ब्लाउज अर्धाच दिसतो, आणि त्यांना तो पूर्ण पाहायचा असायचा.

मावशी म्हणजे नागपुरातल्या आमच्या सदरच्या गल्लीतल्या लेडीज टेलर. सख्ख्या म्हणाल तर कोणाच्याच मावशी नव्हत्या. पण गल्लीतल्या तीन पिढ्यांची मापं जिला तोंडपाठ, त्या बाईला काय मॅडम म्हणायचं? मी त्याच गल्लीत राहते. दिवसभर ऑफिसात फायली सरकवते आणि उरलेला सगळा जीव सिनेमाला आणि गाण्यांना. कोणत्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात बासरी वाजते, ते मी झोपेतही सांगेन. सिनेमाबद्दल कोणी चुकीचं बोललं की माझं डोकं सटकतं. एकदा गाणं कोणत्या सिनेमातलं यावरून मी सख्ख्या आत्याशी तीन महिने अबोला धरला होता. बरोबर मीच होते, हे सांगून ठेवते.

आमची जोडी जमली ती उन्हामुळे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागला की नागपुरात दुपारी धड बसावं अशी एकच जागा उरते, ती म्हणजे एसी थेटर. एका रविवारी दुकानातला कूलर बंद पडला आणि मी मावशींना ओढूनच घेऊन गेले. दारात गार्डनं पर्स उघडायला लावली. आतून कैची निघाली, ती त्यानं ठेवून घेतली. मग खडू निघाला, मग टेप. टेपचं काय करावं हे त्याला समजेना.

"कैची ठेव तुह्याजवळ," मावशी म्हणाल्या, "पण टेप मले लागते. हातात नसली तर ध्यान लागत नाही."

आणि खरंच, तीन तास ती टेप जपमाळेसारखी त्यांच्या बोटांतून फिरत होती. त्या सिनेमात शेवटी नायिकेला गोळी लागते. मी रडत होते, मावशीही पदर डोळ्याला लावून होत्या. मला फार बरं वाटलं, म्हटलं चला, बाईला कथा भिडली. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "इतकी सोन्यासारखी जरीची साडी वं, सारी रक्तानं खराब केली."

असं माणूस सोबत असलं की सिनेमाची पूजा करता येत नाही. एका ऐतिहासिक सिनेमाची मी महिनाभर वाट पाहिली होती. काय ते महाल, काय ते हत्ती! राणी दरबारातून संतापून निघाली, आणि मावशींच्या नशिबानं वळलीही. "राणीले चेन!" त्या मोठ्यानं बोलल्या. राजवाड्यातल्या ब्लाउजला मागून बारीक चेन लावलेली होती. आमची पूर्ण रांग हसत सुटली. तो सिनेमा मला किती आवडला हे मी ऑफिसात सांगायला बसले की अजूनही मला आधी ती चेन आठवते.

गाण्यांचंही तेच. दुकानाच्या खिडकीत रेडिओ लागलेला असायचा आणि कामाची वाटणी तो करायचा. ढोलकीचं गाणं लागलं की सरळ शिलाया. गझल लागली की मशीन थांबायचं आणि मावशी काज करायला घ्यायच्या. जुन्या गाण्याला कोणी नवा ठेका चिकटवून वाजवलं की त्या बटन बंद करायच्या. म्हणायच्या, यानं सुई तुटते. गाण्याच्या बाबतीत माझं आणि त्यांचं एकमत झालं ते एवढंच, पण त्यावर आम्ही तासभर बोलू शकत होतो.

आता तुम्ही म्हणाल, फोनवर सगळं दिसतं, मग टेलरनं थेटरात कशाला जायचं? पोरी हेच म्हणायच्या आणि फोनमधला फोटो पुढे करायच्या. मावशी चष्मा वर करून पाहायच्या. "हा पोस्टरवरचा होय. सिनेमात बाही दोन बोटं लांब हाय." मी पडताळून पाहिलं आहे, बाही दोन बोटं लांब असायची. त्यामुळे आमच्या भागात ब्लाउजवरून वाद झाला की निकाल मावशींकडे, आणि त्यावर अपील नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं, वैशूचं, लग्न ठरलं तेव्हा हा निकाल आमच्याच घरावर येऊन ठेपला.

वैशूच्या पाठीवर भाजल्याची खूण आहे. पाच वर्षांची असताना बंबातलं उकळतं पाणी अंगावर सांडलं होतं. मानेखालून कमरेपर्यंत कातडी सुरकुतलेली आहे. होणाऱ्या नवऱ्याला तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण हॉलभर पाहुण्यांसमोर पाठ उघडी टाकायची या विचारानं तिला रडू यायचं. सासरच्या बायकांना सांगायचीही तिची तयारी नव्हती. मला म्हणाली, "ताई, सांगितलं की मी नवी सून नाही राहणार, बिचारी होईन." मावशींना मात्र काही सांगावं लागलं नव्हतं. शाळेच्या युनिफॉर्मपासून वैशूचे कपडे त्याच शिवायच्या. पाठ बंद, आत मलमलचं अस्तर, आणि शिवण अशी वळवलेली की अंगाला घासू नये.

सासरचे लोक कळमन्यातले फळांचे व्यापारी, मनानं मोकळे. नणंद तर इतकी हौशी की विचारू नका. त्या वर्षी एक सिनेमा धो धो चालला होता आणि त्यातल्या एका गाण्यावर सगळं शहर नाचत होतं. नणंदेनं ठरवलं, रिसेप्शनला वहिनीचा ब्लाउज त्या गाण्यातल्यासारखाच पाहिजे. कापड घेऊन ती स्वतः मावशींच्या दुकानात आली. वैशू आणि मी सोबत होतो.

आता त्या गाण्यात नायिकेच्या पाठीवर काय होतं? दोन दोऱ्या. बस. त्या दोऱ्यांच्या टोकाला लटकन, आणि बाकी मोकळं मैदान. मी तो सिनेमा तीनदा पाहिला होता, त्यातल्या दोन वेळा मावशींसोबत. फोनवर गाण्याचा जेवढा तुकडा आला होता तो समोरूनच घेतलेला होता, पण त्यानं काय होतं, नणंदेनं सिनेमाच पाहिलेला होता.

वैशूनं वेणी पाठीवरून पुढे घेतली, मग परत मागे टाकली. तिच्या तोंडाचं पाणी पळालं होतं.

मावशींनी कापड टेबलावर पसरलं, हात फिरवला आणि म्हणाल्या, "बंद पाठ होती. गळ्यापासून कमरेपर्यंत. मधात कपड्याच्या बारीक गुंड्या, एकाखाली एक, एकवीस."

नणंद म्हणाली की नाही, तिला चांगलं आठवतं, पाठ उघडी होती आणि दोऱ्या होत्या.

"तू हीरोले पाहून राहिली होती," मावशी म्हणाल्या. "मी पाठ पाहून राहिली होती."

दुकानात दोनतीन बायका होत्या, त्या हसल्या. नणंदही लाजून हसली. पण तिचं समाधान झालं नव्हतं. ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही तर सिनेमातल्या मास्टर. तुम्ही सांगा."

आत्याशी तीन महिने न बोललेली मी. सिनेमाबद्दल खोटं बोलणं म्हणजे माझ्यासाठी देवाची खोटी शपथ. मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही, खडू घेऊन खुणा करत होत्या. वैशू मात्र पाहत होती.

"बंदच होती," मी म्हणाले. "एकवीस गुंड्या. मी मोजल्या ना."

रिसेप्शनला वैशू स्टेजवर पाहुण्यांकडे पाठ करून, वळून वळून नाचली. तिला असं नाचताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि मला रडू आवरेना. त्या हंगामात गल्लीतल्या अर्ध्या पोरी मावशींकडे बंद पाठीचा ब्लाउज मागायला आल्या, सिनेमातल्यासारखा पाहिजे म्हणून. मावशींनी सगळ्यांना शिवून दिला, एकीलाही खरं सांगितलं नाही.

मावशी आता खापा गावी मुलाकडे असतात. गुडघ्यांनी दगा दिला, दिवसभर मशीन चालवणं जमेना. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. सिनेमाला मी एकटी जाते, शांतपणे पाहते, आणि मला अजिबात मजा येत नाही.

त्या जायच्या आदल्या दुपारी मी त्यांना सामान बांधू लागले होते. मशीन जुन्या लुगड्यात गुंडाळून दोरीनं आवळून ठेवलं होतं, टेम्पो सकाळी येणार होता. इतक्यात वैशूची नणंद आली. हातात हिरवं कापड. स्टुलावर बसली आणि सांगायला लागली की तो सिनेमा मागच्या आठवड्यात टीव्हीवर लागला होता. ती आणि वैशू एकाच सोफ्यावर बसून पाहत होत्या. ते गाणं आलं. नायिका वळली.

 मावशी सुया डबीत भरत राहिल्या.

"वहिनीनं मग मले सारं सांगितलं," नणंद म्हणाली. थोडा वेळ ती कापडाची घडी नीट करत बसली. "मावशी, वहिनीच्या बाळाच्या बारशाले घालाचा आहे. मलेही तसाच शिवून द्या, सिनेमातल्यासारखा."

"कोणती पाठ?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही पाह्यली होती ती."

मावशी गुडघ्यावर हात टेकवून उठल्या आणि मशीनच्या दोरीची गाठ सोडायला लागल्या.