पिवळं इंजिन

अंथुर्ण्याच्या फाट्यावर एका मेकॅनिकचं गॅरेज आहे. त्याचं नाव मला ठाऊक नाही, कारण तो माझ्यापेक्षा माझ्या मोटारसायकलशीच जास्त बोलला. ती उभी करू तिथं ऑइल गाळायची. त्याने खालचा थेंब बोटावर घेतला, हुंगला आणि बोट डोक्याला पुसलं. केस उगाच चमकत नव्हते त्याचे.

मग इंजिन धुऊन कोरडं केलं आणि देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा त्यावर मूठभर उधळला. म्हणाला, "गळंल तितं पिवळ्याचं काळं हुतंय. कॅनॉलपर्यंत जाऊन या. इंजिन खोटं बोलंल, भंडारा न्हाय बोलत."

कॅनॉलवर चहाला थांबलो. टपरीवरच्या एका आबांनी पिवळी गाडी बघितली, चपला काढल्या, खाली वाकून इंजिनाला बोट लावलं, चटका सोसला आणि भंडारा कपाळाला लावला. टिळा काळाकुट्ट उमटला.

"आबा, बोट कुठं लावलं?"

"बुडाला. देवाच्या पायालाच लावत्यात की."

परत येऊन सांगितलं. मेकॅनिकने बुडाचा नट खोलला, नवा वॉशर घातला. गळती थांबली. पण तो विचारातच होता. "आबा रोज बसत्यात व्हय तितं?"

परवा तिकडून गेलो. गॅरेजपुढं कुणाची तरी पिवळी मोटारसायकल उभी होती. शेजारच्या खुर्चीवर तेच आबा, चपला काढून. आणि मेकॅनिक त्यांच्या कपाळावर बॅटरी मारून बघत होता.