फौजदाराच्या वाट्याची फुंकर

आमचा बोका मेला. मला बरं वाटलं.

थांबा, शिव्या घालू नका. आधी पुरतं वाचा.

हा कागद खोलीच्या दारामागे चिकटवतोय. काल गणू गावावरून बोटीने आला, बातमी सांगितलीन आणि तुम्ही सगळे हसलात. मांजराचं कसलं सुतक, म्हणालात.

माझं शिक्षण तिसरी. शुद्ध-अशुद्ध काढत बसू नका.

त्याचं नाव फौजदार. आमच्या गावात, भाट्यात, त्याला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याने ओरबाडलं नाही असाही नाही. पोस्टमन आमचं पत्र अंगणाच्या दगडी गडग्याबाहेरूनच फेकायचा.

पण झोपायचा माझ्या पायाशी. फक्त माझ्या.

मी मुंबईला आलो. मिल धरली, सोडली. डॉक धरला, सोडला. आता बॉयलरवर आहे. कुठेच मन लागत नाही, पण एवढी एक ऐट होती, की गावात एक जनावर फक्त माझं आहे.

शिमग्याला घरी गेलो.

लग्नाला वर्ष झालेलं, पण बायकोचा आवाज मी धड ऐकला नव्हता. आपल्यात नवी सून सासूसमोर नवऱ्याशी बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि आमची आये दिवसभर समोर, रात्रीही त्याच खोलीत.

बघतो तर फौजदार लाकडांच्या राशीमागे पडलेला. शेपटीच्या वर आवळ्याएवढं गळू. दुसऱ्या बोक्याने चावलेलं. वास मारत होता. बांगड्याचं डोकं पुढे टाकलं तर नाक फिरवलंन.

"हात लावू नको," आये म्हणाली. "फाडील."

बायको उठली. चुलीवर पाणी ठेवलं, मीठ टाकलं. जुन्या लुगड्याची चिंधी घेतली, हळद घेतली आणि अंगणात येऊन बसली.

मी त्याला गोणपाटात गुंडाळला. मुंडकं एकीकडे, ढुंगण दुसरीकडे. मांडीवर दाबून धरला.

आणि ती बोलायला लागली.

फौजदाराशी.

"फौजदारा, सांग त्यांना, जरा घट्ट धरा म्हणावं."

मी घट्ट धरला.

"फौजदारा, त्यांना म्हणावं डोकं मागं घ्या, उजेड अडतोय."

मी डोकं मागं घेतलं.

आये तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं, पण बोलणार काय? सून बोक्याशी बोलत्ये!

तिने गळू दाबलं. पू आला, रक्त आलं. फौजदार किंचाळला, वळला आणि माझा अंगठा दातात धरलान. दात नखातून आत.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर हात सुटला असता.

ती वाकली. फुंकर घातली. लांब, सावकाश.

"लय दुखलं काय रे?"

मी बघतच राहिलो. माझ्या अंगठ्यातून रक्त गळतंय, आणि बाईसाहेब बोक्याला विचारतायत!

मग रोज सकाळी हेच. मी धरायचो. ती धुवायची, हळद भरायची, फुंकर घालायची.

"झालं रे, झालं. कालच्यापेक्षा कमी हाय."

एवढ्या गोड आवाजात माझ्याशी कोणी बोललं असतं तर मी मुंबईला परत आलोच नसतो.

अंगठा सुजला. कोणाला दाखवला नाही. विचारलंच नाही कोणी, तर दाखवू कोणाला?

जखम भरली. फौजदार उठला, अंग ताणलंन आणि सरळ तिच्या मांडीवर जाऊन बसला. मी हात पुढे केला तर फिस्कारला.

बरोबरच आहे. दाबून धरणारा मी, फुंकर घालणारी ती.

मी निघालो तेव्हा ती दारात उभी होती. तो कडेवर.

"फौजदारा, जपून जा म्हणावं त्यांना."

डोळ्यांत पाणी नव्हतं. मी नीट बघितलं.

बॉयलरमध्ये कोळसा टाकताना मला तोच दिसायचा. आता मांडीवर असेल. आता तिचं सगळं ऐकत असेल. आये काय बोलली, विहिरीवर कोण भेटलं, सगळं. मला कधी कुठल्या माणसाचा एवढा हेवा वाटला नाही, जेवढा त्या मेल्या बोक्याचा.

आणि काल गणू म्हणाला, "फौजदार गेला रे. वैनी दोन दिस जेवली नाय."

"रडली?"

"रडली म्हंजे काय! पोरासारखी."

तुम्ही हसलात ते तेव्हा. मी नाही हसलो. मी गेलो त्या दिवशी ती जेवली असणारच की.

नंतर नळावर गणू एकटा भेटला.

"एक निरोप हाय. तुझ्या आयेसमोर सांगितलान वैनीनं, मोठ्यानं."

"काय?"

"त्यांना विचारा, अंगठा बरा झाला काय."

मी अंगठा बघितला. नख अजून वाकडं आहे.

म्हणजे तिने बघितलं होतं.

मग "लय दुखलं काय रे" कोणाला? "रे" म्हणाली म्हणजे बोक्यालाच, बायको नवऱ्याला रे म्हणत नाही. पण ती वाकली तेव्हा गळू एकीकडे होतं आणि माझा अंगठा दुसरीकडे, बोक्याच्या तोंडात.

फुंकर कुठे लागली?

कालपासून तेवढंच आठवायला बघतोय. आठवत नाही.

गणपतीला रजा देवोत न देवोत, मी गावची बोट धरणार. अंगणात बसून तिलाच विचारणार. आयेसमोर.

खाली जागा सोडली आहे. ज्याला फौजदारासाठी दोन शब्द लिहायचे त्याने लिहा. थट्टा नको.

फौजदारा, तिच्याजवळची जागा सोडलीस, उपकार झाले. असशील तिथे नीट झोप. आणि तुला धरील त्याला चावू नको.